सुसंगती आणि सत्य : डिस्कवरील अंतर्गत नोंदींच्या दुरुस्तीविषयी

संगणकाच्या डिस्कवर साठविलेला मजकूर एकाएकी वाचता येईनासा झाला की तो नष्ट झाला असे सामान्यतः समजले जाते. बहुतेक प्रसंगी वस्तुस्थिती वेगळी असते. मजकूर जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती त्याच्याविषयीची नोंद. कोणता मजकूर कोठे सुरू होतो, तुटून पुढे कोठे चालू राहतो, त्याचे नाव काय, तो शेवटी केव्हा बदलला गेला, डिस्कवरील कोणती जागा व्यापलेली आणि कोणती मोकळी, या सर्व गोष्टी डिस्कवरच वेगळ्या लिहून ठेवलेल्या असतात. या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. आणि डिस्कचा जो विस्तार एकच एकक म्हणून वापरला जातो, त्याला व्हॉल्यूम. ग्रंथ कपाटांत शाबूत आहेत, पण ग्रंथालयाची तालिका जळाली आहे आणि कपाटांवरचे क्रमांकही पुसले गेले आहेत, अशी काहीशी ही अवस्था होय.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न आता विचारण्याचे कारण उरलेले नाही. हस्तलिखितांच्या छायाप्रती, लेखकांचे खर्डे, बोलींची ध्वनिमुद्रणे आता मोठ्या प्रमाणावर डिस्कवरच जतन होतात. डिस्क बिघडली की एखादा तंत्रज्ञ दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवितो आणि जे हाती येते ते 'मूळ सामग्री' म्हणून अभ्यासकाच्या स्वाधीन होते. मधल्या काळात प्रोग्रॅमने शेकडो निर्णय घेतलेले असतात. कोणती नोंद ग्राह्य धरली, कोणती टाकली, दोन नोंदींत विरोध आला तेव्हा कौल कोणाला दिला, हे सारे प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचे आहेत. परंतु प्रोग्रॅमने दिलेली उत्तरे त्याला बहुधा मान्य होणार नाहीत. कारण या प्रोग्रॅमचे उद्दिष्ट सत्य शोधणे हे नसून सुसंगती प्रस्थापित करणे एवढेच आहे.

विवेचनासाठी लिनक्समधील 'एक्स्ट' कुळाची रचना सोयीची आहे. तिचे दुसरे रूप, एक्स्ट२, १९९३ मध्ये रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांच्या कामातून सिद्ध झाले. एक्स्ट३ २००१ मध्ये आणि एक्स्ट४ २००८ मध्ये लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्थिरावले. या रचनेत डिस्क सारख्या आकाराच्या ब्लॉकांत विभागलेली असते. आज बहुधा एक ब्लॉक ४०९६ बाइटांचा असतो. प्रत्येक फाइलमागे 'आयनोड' नावाची एक छोटी नोंद असते. तीत फाइलचा प्रकार, मालक, आकार, तारखा आणि तिचे ब्लॉक कोठे आहेत याचे निर्देश असतात. तीत नसते ते फाइलचे नाव. नाव असते डिरेक्टरीत. आणि डिरेक्टरी म्हणजे तरी काय, तर 'अमुक नाव, अमुक क्रमांकाचा आयनोड' अशा जोड्यांची यादी. कोणता ब्लॉक व्यापलेला आणि कोणता मोकळा याचे नकाशे निराळे असतात. या सर्वांच्या माथ्यावर असतो सुपरब्लॉक. ब्लॉकचा आकार किती, एकूण ब्लॉक किती, गट कसे पाडले आहेत, ही मूलभूत परिमाणे त्यात असतात. तो व्हॉल्यूमच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडून लिहिलेला असतो. तो गेला की उरलेले सर्व शाबूत असूनही दुर्बोध होते. लिपी ठाऊक नसलेल्या शिलालेखासारखे.

नाव आणि मजकूर यांची ही फारकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण दुरुस्तीच्या वेळी होणारे बरेचसे नुकसान याच सांध्यावर होते.

सुपरब्लॉकचे महत्त्व ओळखून त्याच्या प्रती काढून ठेवण्याची पद्धत बर्कली विद्यापीठातील युनिक्सपासून चालत आली आहे. मॅककुसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रती कोठे ठेवाव्यात याचा जो विचार आहे, तो कोणाही ग्रंथपालाने वाचावा असा आहे. प्रत्येक विभागाच्या अगदी आरंभी एकेक प्रत ठेवली असती, तर त्या सर्व प्रती डिस्कच्या वरच्याच तबकडीवर आल्या असत्या, आणि तेवढी एक तबकडी खरवडली गेली की मूळ व प्रती सर्व एकदम गेल्या असत्या. म्हणून प्रत्येक विभागात प्रतीची जागा थोडी पुढे सरकवली गेली. त्यामुळे प्रती तबकड्यांच्या चळतीतून नागमोडी उतरत जातात, आणि एखादा वर्तुळमार्ग किंवा एखादी संपूर्ण तबकडी गेली तरी सर्व प्रती एकाच वेळी जात नाहीत. जुन्या डॉस प्रणालीत ब्लॉकांच्या साखळ्या नोंदविणारा 'फॅट' हा तक्ता दोन प्रतींत असे खरा, पण त्या दोन प्रती एकमेकींना चिकटून असत. एकाच वाड्यात ठेवलेल्या दोन पोथ्यांना एकच आग पुरते. बहुविध प्रती असणे आणि त्या परस्परांपासून दूर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हस्तलिखितांच्या इतिहासाने पूर्वीच शिकविलेले आहे.

एक्स्ट कुळात ब्लॉकांचे गट असतात आणि प्रती ठरावीक गटांतच असतात : पहिल्या गटात, तसेच ज्यांचा क्रमांक ३, ५ किंवा ७ यांचा घात आहे अशा गटांत. ब्लॉक ४०९६ बाइटांचा आणि गट नेहमीप्रमाणे ३२,७६८ ब्लॉकांचा असेल, तर प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२ या ब्लॉकांवर सापडतात. मूळ सुपरब्लॉक बिघडला असता दुरुस्तीच्या प्रोग्रॅमला यांपैकी एखादा क्रमांक सांगितला की तो त्या प्रतीवरून काम करू शकतो. येथे एक बारकावा आहे. दैनंदिन वापरात लिनक्स केवळ मूळ सुपरब्लॉकच अद्ययावत करीत असते. प्रती बहुधा जुन्याच राहतात. प्रतीत लिहिलेली मोकळ्या ब्लॉकांची संख्या त्यामुळे विश्वसनीय नसते, मात्र ब्लॉकचा आकार आणि गटांची रचना यांसारखी न बदलणारी माहिती खरी असते. जी माहिती जुनी झाली ती प्रोग्रॅम डिस्कवरील प्रत्यक्ष स्थितीवरून पुन्हा मोजून काढतो. प्रत जुनी असूनही उपयोगाची ठरते, ती अशी.

दुरुस्तीचा हा प्रोग्रॅम म्हणजे 'एफएससीके'. युनिक्सच्या आरंभीच्या काळात आयचेक, डीचेक अशी सुटी साधने असत आणि दोष सापडल्यावर उपाय चालकाने स्वतः विचार करून करावयाचा असे. टी. जे. कोवाल्स्की यांनी ही कामे एका प्रोग्रॅमात गुंफली. पुढे मॅककुसिक यांनी त्याला बर्कलीच्या नव्या रचनेशी जुळवून घेतले. एक्स्ट कुळासाठी असलेला त्याचा वंशज 'ई२एफएससीके' आजही तीच पाच आवर्तने करतो. पहिल्या आवर्तनात तो प्रत्येक आयनोड वाचून कोणता ब्लॉक कोणाच्या मालकीचा याचा स्वतःचा हिशेब तयार करतो. दुसऱ्यात डिरेक्टऱ्यांतील प्रत्येक नाव खऱ्या आयनोडकडे जाते की नाही हे पाहिले जाते. तिसऱ्यात प्रत्येक डिरेक्टरी मूळ डिरेक्टरीपासून पोहोचण्याजोगी आहे काय याची तपासणी होते. चौथ्यात एका आयनोडला किती नावे आहेत याची मोजणी आणि नोंद यांचा मेळ घातला जातो, आणि पाचव्यात व्यापलेल्या-मोकळ्या जागेचे नकाशे स्वतःच्या हिशेबाशी ताडले जातात. सारा भर परस्परमेळावर आहे. फाइलमध्ये काय लिहिले आहे याकडे प्रोग्रॅम ढुंकूनही पाहत नाही.

या पद्धतीचा परिणाम तीन प्रसंगांत विशेष स्पष्ट होतो.

पहिला प्रसंग अनाथ फाइलचा. आयनोड शाबूत आहे, मजकूर शाबूत आहे, परंतु तिला नाव देणारी डिरेक्टरी नष्ट झाली आहे. अशा फाइली प्रोग्रॅम 'लॉस्ट+फाउंड' या राखीव डिरेक्टरीत आणून ठेवतो आणि आयनोडचा क्रमांक हेच त्यांचे नाव करतो. जुन्या दप्तरात कोणत्याच रुमालाला न जुळणारे सुटे कागद एका निराळ्या रुमालात बांधून ठेवावेत, तसा हा प्रकार. मात्र आयनोड वाचलेला असल्याने फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची तारीखही वाचलेली असते. खर्ड्यांचा क्रम लावणाऱ्या अभ्यासकाला नावापेक्षा ही तारीख अधिक मोलाची वाटू शकेल. शिवाय एखादी डिरेक्टरीच अनाथ झाली असेल तर तिच्या पोटातील नावे तशीच राहतात. नष्ट होते ते फक्त तिचे स्वतःचे नाव आणि मूळ स्थान.

दुसरा प्रसंग नेमका उलटा, आणि अधिक गंभीर. नाव आहे, पण आयनोड नाही. डिरेक्टरीत एखाद्या खर्ड्याचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, मात्र ज्या ब्लॉकात त्याचा आयनोड होता तो कोरा झाला आहे. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ही विसंगती होय, आणि तिचा उपाय म्हणजे ते नाव काढून टाकणे. तो तशी परवानगी विचारतो, ती मिळाली की नाव पुसले जाते आणि व्हॉल्यूम सुसंगत होतो. भारतीय साहित्यांच्या इतिहासात कितीतरी ग्रंथ केवळ टीकाकारांच्या उल्लेखांतून ज्ञात आहेत. उल्लेखित ग्रंथ उपलब्ध नाही एवढ्या कारणासाठी टीकेतील तो उल्लेखच खोडून टाकणारा संपादक कोणाला मानवेल? दुरुस्तीचा प्रोग्रॅम मात्र नेमके हेच करतो, आणि आपल्या उद्दिष्टाशी प्रामाणिक राहून करतो. लोपलेल्या ग्रंथाबरोबर तो ग्रंथ होता याचा पुरावाही जातो.

तिसरा प्रसंग दोन दावेदारांचा. एकच ब्लॉक आपला आहे असे दोन आयनोड सांगतात. खरा धनी फार तर एकच असणार. पण कोण, हे मेटाडेटावरून ठरविता येत नाही. प्रोग्रॅमचा सुचविलेला उपाय असा की, त्या ब्लॉकाची नक्कल करून दोघांनाही एकेक द्यावी. भांडण मिटते. परंतु दुरुस्तीनंतर त्या दोन फाइलींपैकी निदान एकीच्या मधोमध ४०९६ बाइटांचा परका मजकूर बसलेला असतो, आणि व्हॉल्यूम निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळालेला असतो.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. वि. स. सुखठणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण संहितेचे काम १९६६ मध्ये तडीस गेले. त्या आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली इतर पाठभेद दिलेले आहेतच. पण जेथे स्वीकृत पाठाविषयी संपादकाला पूर्ण खात्री नाही, तेथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेषा छापलेली आहे. संपादकाने निर्णय घेतला, आणि निर्णय डळमळीत असल्याची खूणही त्याच पानावर ठेवली. दुरुस्त झालेल्या डिस्कवर अशी नागमोडी रेषा नसते. हजार निर्विवाद नोंदी आणि एक अंदाजाने जुळविलेली नोंद, दोन्ही सारख्याच स्वच्छ दिसतात. मूळ स्थिती कशी होती हे सांगणारे पाठभेद दुरुस्तीनेच पुसून टाकलेले असतात.

जर्नल या सोयीने ही अडचण दूर झाली असा समज आढळतो, तो अपुरा आहे. एक्स्ट३ पासून मेटाडेटातील बदल आधी एका राखीव वहीत लिहिले जातात आणि मागाहून आपापल्या जागी उतरविले जातात. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी वहीतील पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा केले जातात आणि अर्धवट राहिलेले सोडून दिले जातात. खंडित कामापासून हे उत्तम संरक्षण आहे. पण डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला, केबलमधून चुकीचा मजकूर उतरला, किंवा दुसऱ्याच प्रोग्रॅमने त्या जागेवर लेखन केले, तर वही काही करू शकत नाही. शिवाय तिची एक खोच आहे : एक्स्ट३ किंवा एक्स्ट४ चा व्हॉल्यूम 'केवळ वाचनासाठी' म्हणून उघडला, तरी वहीतील बाकी कामे डिस्कवर उतरविली जाऊ शकतात. फक्त पाहावयाचे म्हणून उघडलेली पोथी पाहता पाहता बदलावी, असा हा प्रकार. तो टाळण्यासाठी 'नोलोड' हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो.

तेव्हा दुरुस्ती करावी की नाही, हा खरा प्रश्न नाही. ती कशावर करावी, हा आहे. जाणकार मंडळी बिघडलेल्या डिस्कला हात लावण्यापूर्वी तिची बाइटास बाइट अशी संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. ग्नू प्रकल्पातील 'डीडीरेस्क्यू' हे साधन आधी सुवाच्य भाग उचलते, अवघड भागांकडे मागाहून वळते आणि कोणता भाग वाचता आला नाही याची नोंद निराळ्या फाइलीत ठेवते. ही नोंद म्हणजे त्रुटित पत्रांची यादीच होय. पुढील सर्व प्रयोग या प्रतिमेच्याही दुसऱ्या प्रतीवर करावयाचे. ई२एफएससीके प्रथम 'एन' हा पर्याय देऊन चालविला, तर तो प्रत्येक प्रश्नाला स्वतःच नकार देतो आणि काहीही न लिहिता केवळ दोषांची यादी सादर करतो. ती यादी जपून ठेवावी. 'डीबगएफएस' या साधनाने डिरेक्टऱ्यांतील नावे आणि आयनोडांचे क्रमांक उतरवून घेता येतात. नकाशे बिघडलेले असले तरी ते न वाचता व्हॉल्यूम उघडण्याची सोय त्यात आहे. वर सांगितलेली निराधार नावे याच वेळी टिपून ठेवली, तर पुढे ती पुसली गेली तरी त्यांची साक्ष राहते. प्रत्यक्ष दुरुस्ती करताना 'झेड' हा पर्याय दिला असता प्रोग्रॅम बदलण्यापूर्वीचा प्रत्येक ब्लॉक एका वेगळ्या फाइलीत ठेवतो, आणि 'ई२अंडू' हे साधन तिच्यावरून पूर्वस्थिती परत आणू शकते. नागमोडी रेषेच्या सर्वांत जवळ जाणारी सोय ती हीच. व्यवहारात मात्र 'वाय' हा पर्याय फार लोकप्रिय आहे. त्याने सर्व प्रश्नांना आगाऊ होकार मिळतो आणि शेकडो वेळा कळ दाबण्याचा त्रास वाचतो. चालू यंत्र त्वरित सुरू करणे निकडीचे असते तेथे हे समजण्याजोगे आहे. दप्तरखान्यात त्याला समर्थन नाही.

मेटाडेटा सर्वस्वी गेला असेल तर उरतो तो मजकुरावरूनच मजकूर ओळखण्याचा मार्ग. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'फोटोरेक' आरंभीच्या खुणांवरून छायाचित्रे, दस्तऐवज इत्यादी हुडकते. मंगलाचरणावरून ग्रंथारंभ ओळखावा तसे. नाव, तारीख आणि स्थान यांतले त्याच्यापाशी काहीच नसते, आणि फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असेल तर एकीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध यांचा संकर होण्याचा धोका असतो. साध्या मजकुराच्या फाइलींना आरंभखूणही नसते. परंतु देवनागरीच्या बाबतीत एक अनपेक्षित आधार मिळतो. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यांतील पहिला बाइट सर्वत्र एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक. हजारो अनोळखी ब्लॉकांतून देवनागरी मजकुराचे ब्लॉक या लकबीवरून वेगळे काढता येतात. शिवाय ४०९६ ला तीनने पूर्ण भाग जात नाही, आणि मध्ये येणारी रिकामी जागा एकाच बाइटाची असते. त्यामुळे ब्लॉकाच्या शेवटी एखादे चिन्ह पुष्कळदा अर्धवट तुटते. एका ब्लॉकाच्या अखेरीस दोन बाइट उरले असतील, तर त्याच्या पुढचा ब्लॉक तुटलेल्या तिसऱ्या बाइटाने सुरू झाला पाहिजे. सुट्या पानांचा क्रम फाटलेल्या कडांच्या जुळणीवरून लावावा, असा हा पुरावा आहे. आशयाच्या सलगतेशी तो ताडून पाहता येतो, आणि हे ताडून पाहणे भाषा जाणणाऱ्यालाच शक्य आहे. इस्की संकेतातील किंवा विशिष्ट फॉन्टांच्या खासगी संकेतांतील जुन्या मजकुराला हा आधार नाही.

गेल्या दोन दशकांत या क्षेत्रातील विचार बराच पुढे गेला आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या 'झेडएफएस' या रचनेत प्रत्येक ब्लॉकाची पडताळणी-संख्या त्या ब्लॉकात न ठेवता, त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकात ठेवलेली असते, आणि मेटाडेटाच्या एकाहून अधिक प्रती ठेवल्या जातात. दोन प्रतींत भेद आढळला तर कोणती खरी, याचे उत्तर तेथे परस्परमेळावरून नव्हे, तर साक्षीवरून मिळते. आणि खऱ्या प्रतीवरून दुसरी सुधारली जाते. पारंपरिक अर्थाचा एफएससीके या रचनेला कर्त्यांनी दिलाच नाही. एक्स्ट४ मध्येही २०१२ पासून मेटाडेटाला पडताळणी-संख्या जोडण्याची सोय आहे, मात्र ती दोष दाखविते, शुद्ध पाठ पुरवीत नाही. 'बीटीआरएफएस' या दुसऱ्या नव्या रचनेच्या माहितीपुस्तकात तर दुरुस्तीचा पर्याय जाणकारांच्या सल्ल्यावाचून वापरू नये असा इशाराच छापलेला आहे. पडताळणी-संख्येची साक्षही शेवटी लेखनाच्या क्षणापुरतीच असते. मजकूर संगणकाच्या स्मृतीतच बिघडला आणि संख्या त्यानंतर काढली गेली, तर ती त्या अशुद्ध पाठावरच शुद्धतेची मोहोर उमटविते, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत तो पाठ खरा म्हणून उतरतो.